पास झालेली लस आणि दगावलेल्या म्हशी

प्रश्न थोडक्यात असा: नव्याने रुजू झालेले एक पशुधन विकास अधिकारी लिहितात की, जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एका गावात घटसर्पाची (गुराम्हशींचा गळा सुजवणारा जिवाणूजन्य रोग; माणसांतला घटसर्प वेगळा) तेलयुक्त लस टोचली. अकराव्या-बाराव्या दिवशी तीन म्हशी गळा सुजून, घरघर लागून चोवीस तासांच्या आत गेल्या. गावकरी म्हणतात, लस नव्हतीच, पाणी टोचलं. बॅचच्या तपासणी अहवालात मात्र प्रत्येक रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिलेलं आहे. ही तपासणी होते तरी कशी, आणि तिच्यावर किती विसंबायचं?

डॉक्टर, तुमच्या गावकऱ्यांचं म्हणणं मला नवीन नाही. जिवाणूजन्य लसींच्या गुणनियंत्रणात माझी पंचवीसेक वर्षं गेली. उत्पादन विभाग व्हरांड्याच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. ते लोक आम्हाला ‘सासू’ म्हणायचे, कारण कितीही निगुतीनं केलं तरी आम्ही खोट काढणारच. तेव्हा त्या खुर्चीवरून जे दिसायचं ते सांगतो. त्यातलं काही तुम्हाला धीर देईल, काही देणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तपासणी होते ती बॅचची, बाटलीची नाही. आणि प्रश्न विचारला जातो उंदराला, म्हशीला नाही. ‘समाधानकारक’ हा शब्द या दोन मर्यादांच्या आतला आहे. तो खोटा नसतो, पण तुमचे गावकरी त्याचा जो अर्थ घेतात तेवढा मोठाही नसतो.

घटसर्पाच्याच लसीपासून सुरू करू. पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू, आपल्याकडचा प्रकार बी:२, आणि भारतात लसीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा वाण पी-५२. हा जंतू रश्शात (द्रव खाद्यात) वाढवायचा, फॉर्मलिननं मारायचा आणि पुढे काहीतरी ‘सोबती’ देऊन टोचायचा. नुसता मारलेला रस्सा टोचला तर प्रतिकारशक्ती जेमतेम दीड महिना टिकते. तुरटीनं साका बसवलेली लस चार ते सहा महिने पुरते. तेलात घोटलेली लस नऊ महिने ते वर्षभर चालते. ही तेलाची कल्पना बेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात थायलंडमध्ये रुजवली. तेव्हा हलकं खनिज तेल आणि लॅनोलिन वापरत. लस इतकी दाट व्हायची की सुईतून ढकलताना अंगठा दुखायचा. हे दाटपण पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

या जंतूचं सगळं वैभव त्याच्या अंगावरच्या आवरणात, कॅप्सूलमध्ये असतं. संरक्षण देणारा मोठा भाग तिथेच. आणि हा पठ्ठ्या प्रयोगशाळेत लाडावला की आवरण टाकून देतो. अगारवर (जंतू वाढवायच्या घट्ट खाद्यावर) पुन्हा पुन्हा उतरवत राहिलात तर काही पिढ्यांत नागडा जंतू उरतो. तो जोमानं वाढतो, संख्या भरपूर दिसते, पण त्याची लस कुचकामी. म्हणून बियाण्याचा वाण मधूनमधून जिवंत प्राण्यातून काढून घ्यावा लागतो, आणि प्लेटवरच्या वसाहती तिरप्या उजेडात धरून पाहाव्या लागतात. आवरण असेल तर त्या मोराच्या पिसासारख्या रंग पालटत चमकतात. नसेल तर निळसर-करड्या, मंद दिसतात. हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. एक चांगला दिवा, भिंग आणि सवयीची नजर पुरते. माझ्या मते घटसर्पाच्या लसीची अर्धी परीक्षा इथेच होते, लस बनण्याच्याही आधी. दुर्दैवानं अहवालात या पाहणीला एक ओळसुद्धा नसते.

आता उंदरांची परीक्षा. बॅचमधली लस उंदरांना ०.२ मिली, चौदा दिवसांच्या अंतरानं दोनदा टोचतात. आठवडाभरानं जिवंत, जहाल जंतू देतात. आमच्या भाषेत याला ‘चॅलेंज’ म्हणतात. एकाच मात्रेत नाही, तर जंतूचा रस्सा दहापट-दहापट पातळ करत जायचा आणि प्रत्येक पातळीला उंदरांचा वेगळा गट. शेजारी लस न दिलेले उंदीर, म्हणजे ‘कंट्रोल’. या जंतूपुढे उंदीर इतका दुबळा की बोटांवर मोजण्याइतके जंतूही त्याला पुरतात. त्यामुळे कंट्रोलचे उंदीर रस्सा दहा कोटी पट पातळ केला तरी मरतात. लस दिलेले उंदीर समजा हजारपट पातळ केलेल्या रश्शापर्यंतच मरत असतील आणि त्यापुढे तगत असतील, तर दोघांतला फरक एक लाख पट झाला. निम्मे उंदीर मरण्याची मात्रा रीड आणि मुएंच यांच्या १९३८ च्या पद्धतीनं काढतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे हा फरक किमान दहा हजार पट हवा. तो मिळाला की लस पास.

ऐकायला सरळ वाटतं. पण मी नवा होतो तेव्हाचा एक किस्सा सांगतो. चॅलेंजनंतर पाच दिवस झाले आणि लस दिलेला एकही उंदीर मेला नव्हता, अगदी सर्वांत दाट मात्रेलाही. मी हरखून वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी वही न उघडताच विचारलं, “कंट्रोल?” कंट्रोलच्या पिंजऱ्यांत तर मी डोकावलोच नव्हतो. तिथेही बहुतेक उंदीर मजेत दाणे फोडत बसले होते. चॅलेंजचा जंतूच आवरण टाकून मवाळ झालेला. त्या दिवशी लस पास झाली नव्हती की नापास झाली नव्हती, परीक्षाच झाली नव्हती. जंतू उंदरातून काढला, हृदयातल्या रक्तातून पुन्हा वाढवला आणि सगळं पहिल्यापासून केलं. महिना गेला. तेव्हापासून कुणीही परीक्षेचा निकाल दाखवला की मी आधी कंट्रोलचा आकडा विचारतो. तुमच्या हातातल्या अहवालात नुसतं ‘समाधानकारक’ असेल तर उत्पादकाकडे लेखी मागा: कंट्रोल किती मेले, फरक किती लॉग (म्हणजे दहापटीच्या किती पायऱ्या) आला, चॅलेंजचा वाण कोणता. चांगला उत्पादक हे आकडे देताना कचरत नाही.

या परीक्षेत एक मेख आहे. लस पी-५२ ची आणि चॅलेंजही बहुधा त्याच घराण्यातला. म्हणजे शिकवलेल्या धड्यावरच प्रश्न. आशियातला घटसर्प बहुतांशी बी:२ असल्यानं हे बरंचसं निभावतं. पण न्यूमोनियानं मेलेल्या जनावरातून ए प्रकाराचा पाश्चुरेला निघाला आणि ‘घटसर्पाची लस फेल’ असा गलका झाला, असं मी पाहिलंय. तिथे लसीनं कधी वचनच दिलं नव्हतं.

आता फऱ्याची लस बघा, म्हणजे गुरांच्या मांसल भागात सूज आणणाऱ्या रोगाची. हा जंतू क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय, आणि परीक्षा गिनीपिगची. युरोपीय आणि ब्रिटिश फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातली) रीत अशी की, किमान दहा गिनीपिगना दोनदा लस द्यायची, मग स्नायूत कॅल्शियम क्लोराइडसोबत बीजाणू टोचायचे. कॅल्शियम क्लोराइड तिथलं मांस थोडं मारतं आणि बीजाणूंना रुजायला जागा मिळते. नुसते बीजाणू टोचले तर निरोगी स्नायू त्यांना थारा देत नाही. बैलाला मुका मार लागला की फऱ्या उठतो असं म्हातारी माणसं सांगतात, त्यामागेही हेच आहे. पाच दिवसांत लस दिलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त मरता कामा नयेत, आणि कंट्रोल सगळे मेले पाहिजेत. मृत्यू दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान असतील तर परीक्षा पुन्हा.

आता जरा गणित. समजा एखादी लस खरोखर ऐंशी टक्केच गिनीपिग वाचवते, म्हणजे ती नापासच व्हायला हवी. दहा प्राण्यांच्या परीक्षेत एकच किंवा एकही न मरण्याची शक्यता किती? सुमारे ३८ टक्के. दोन मेले आणि परीक्षा पुन्हा घेतली, ती संधीही धरली तर जवळजवळ ५० टक्के. म्हणजे अशी मध्यम लस छापा-काट्याच्या हिशेबानं निम्म्या वेळा पास होते. उलट पंचाण्णव टक्के वाचवणारी चांगली लस पहिल्या फेरीत दहातून नऊदा पास होते, पण एकदा अडखळते. यात कुणाची लबाडी नाही, दहा प्राण्यांत एवढंच दिसतं. शंभर गिनीपिग घ्या म्हणणं सोपं आहे, पण ते मारायचे कुणी आणि कशासाठी?

निर्जंतुकपणाची परीक्षा याहून बोलकी आहे. थायोग्लायकोलेट आणि सोयाबीन-केसीन अशी दोन माध्यमं, वेगवेगळी तापमानं, चौदा दिवस. मोठ्या बॅचमधून यासाठी जास्तीत जास्त वीसच बाटल्या घेतात. बॅचमधली शंभरात एक बाटली दूषित असेल, तर वीसच्या वीस स्वच्छ निघण्याची शक्यता ८२ टक्के आहे. हा आकडा मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहायचो आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, “सर, चुकलं असेल.” चुकलेलं नाही. ०.९९ ला स्वतःशी वीसदा गुणून पाहा.

बॅच चांगली आणि बाटली वाईट म्हणजे काय, याचा सर्वांत दारुण दाखला जनावरांचा नाही, माणसांचा आहे, आणि त्याचा संबंध थेट मुंबईशी आहे. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिन यांची प्लेगची लस १०७ जणांना टोचली गेली. लस परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली. पाच बाटल्या वापरल्या होत्या. त्यातल्या ‘५३ एन’ क्रमांकाच्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचलं, ते सगळे धनुर्वातानं गेले. बाकी चार बाटल्यांच्या माणसांना काही झालं नाही. ठपका प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला, त्यांना निलंबित केलं गेलं. पुढे समोर आलं ते असं: बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता, तो कार्बोलिकच्या पाण्यात खळबळवून तसाच वापरला होता. धनुर्वाताच्या बीजाणूंना त्यानं काय होतंय! १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. गावकरी ‘पाणी टोचलं’ म्हणतात तेव्हा मला ही बाटली आठवते. प्रश्न प्रयोगशाळेला विचाराच, पण चिमट्यालाही विचारा.

लसीकरणाच्या दिवशी चिमट्याच्या जागी आपली सुई असते. एकाच सुईनं अख्खी आळी टोचायची, बाटलीत सुई खोचून ठेवायची, दुपारच्या जेवणाला बाटली जीपच्या डॅशबोर्डवर. हे कोण करतं, का करतं, मनुष्यबळ किती आहे, सगळं मला ठाऊक आहे, म्हणून बोट दाखवत नाही. पण यातलं काहीही बॅचच्या अहवालात उमटत नाही.

आता तुमची तेलाची लस. पाणी तेलात बारीक थेंबांच्या रूपात कोंडलेलं असतं, आणि त्या थेंबांत मारलेले जंतू. तेल ते हळूहळू सोडतं, म्हणून प्रतिकारशक्ती लांबते. हा संसार मोडला की लस मोडली. आम्ही तिचा दाटपणा मोजायचो, म्हणजे ठरावीक नळीतून ठरावीक लस उतरायला लागणारा वेळ. बाटल्या ३७ अंशांवर ठेवून थर सुटतात का पाहायचो. आणि एक घरगुती वाटणारी परीक्षा, जी तुम्हीही दवाखान्यात करू शकता: वाटीत गार पाणी घ्या आणि सुईतून लसीचे थेंब पृष्ठभागावर सोडा. पहिला थेंब थोडा पसरेल, त्याचं मनावर घेऊ नका. पुढचे थेंब मोत्यासारखे अखंड राहिले तर तेलाचं बाह्य आवरण शाबूत आहे. दुधासारखे ढग होऊन विरघळले तर घडी बिघडली आहे. उभ्या ठेवलेल्या बाटलीत वर तेलाचा पातळ थर येतो, तो हलवून मिसळत असेल तर हरकत नाही. तळाशी पाणी वेगळं बसलं असेल आणि हलवूनही एकजीव होत नसेल, तर ती बाटली बाजूला ठेवा. फेकू नका. पुरावा आहे तो.

असं कशानं होतं? बहुतेक वेळा गोठण्यानं. ‘शीतसाखळी’ या शब्दानं आपल्याकडे एक घोटाळा केलाय: जितकं थंड तितकं चांगलं अशी समजूत. मारलेल्या जंतूंची लस दोन ते आठ अंशांवर ठेवायची असते. चार तास उन्हात राहिली तर ती बिघडेलच असं नाही, पण एका रात्री बर्फाच्या कप्प्यात गेली तर हमखास बिघडते. तेलाचा संसार मोडतो आणि तुरटीच्या लसीतला साका गठ्ठे धरतो. तुरटीच्या लसीसाठी पडताळा सोपा आहे. शंका असलेली बाटली आणि चांगली बाटली एकदम हलवून शेजारी ठेवा. गोठून गेलेलीचा साका भराभर खाली बसतो, वर नितळ पाणी. चांगली बराच वेळ गढूळ राहते. ‘पाणी टोचलं’ म्हणणारा गावकरी कधीकधी शब्दशः खरं बोलत असतो. न हलवता वरवरचं नितळ पाणी सुईत ओढलेलं त्यानं पाहिलेलं असतं.

जिवंत लसींचं सगळंच उलटं. गाभण जनावरांचा गर्भ पाडणाऱ्या ब्रुसेला जंतूची एस-१९ ही लस. हा वाण १९२३ साली जर्सी गाईच्या दुधातून मिळाला. प्रयोगशाळेत खोलीच्या तापमानाला वर्षाहून अधिक काळ तसाच राहिला आणि मवाळ झाला. विसरलेल्या नळीतून निघालेली लस म्हणा ना! सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेला सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना हीच देतात. इथे परीक्षा जिवंत जंतू मोजण्याची. मात्रेत ४० अब्ज ते १२० अब्ज जिवंत जंतू हवेत. शिवाय ते ‘गुळगुळीत’ हवेत. वसाहतींवर क्रिस्टल व्हायोलेट ओततात, खडबडीत झालेल्या वसाहती जांभळ्या होतात, गुळगुळीत तशाच राहतात. बियाण्यात किमान ९९ टक्के आणि तयार लसीत किमान ९५ टक्के गुळगुळीत पाहिजेत. या लसीला ऊन लागलं की आकडा घसरतो, आणि बाटलीचं रबर स्पिरिटनं ओलं असतानाच सुई घातली तरीही. प्रतिजैविक चालू असलेल्या कालवडीला दिली तर लस प्रतिजैविकच मारतं. मारलेल्या लसीत हा प्रश्न नसतो. आणि हो, ही टोचताना हातमोजे आणि चष्मा घालाच. सुई बोटात गेली तर ब्रुसेलाचा ताप तुम्हालाही येतो. आमच्या पिढीतले काही जण तो घेऊन निवृत्त झाले.

शेळ्यांच्या आंत्रविषाराच्या (आतड्यातल्या जंतूच्या विषानं होणाऱ्या रोगाच्या) लसीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण उस्मानाबादी शेळ्यांच्या भागात असाल तर हे कामाला येईल. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स डी जातीचं एप्सिलॉन विष आधी निद्रिस्त रूपात निघतं, ट्रिप्सिन या आतड्यातल्या पाचक द्रव्यानं जागं होतं आणि मग कित्येक पट जहाल होतं. त्यामुळे विष नीट मारलं गेलं का हे पाहताना ट्रिप्सिन घालूनच पाहावं लागतं, नाहीतर निजलेलं विष निरुपद्रवी समजून पुढे जाईल. परिणामकारकता सशात पाहतात. दोन मात्रा देऊन, दोन आठवड्यांनी किमान दहा सशांचं रक्तद्रव एकत्र करून, त्यात मिलीमागे किमान ५ आंतरराष्ट्रीय एकक प्रतिविष हवं. ‘एकत्र करून’ या शब्दांवर थांबा. दोन तगड्या सशांनी खूप प्रतिविष तयार केलं तर बाकी आठांचं आळशीपण त्यात झाकलं जातं. त्यातून शेळी ही सशापेक्षा आणि मेंढीपेक्षाही क्लॉस्ट्रिडियमच्या लसींना कमी प्रतिसाद देते, आणि तो लवकर उतरतो. सशानं दिलेला ‘पास’ शेळीला लागू करताना दुसरी मात्रा चुकवू नका. पहिल्या मात्रेवर थांबलेला कळप म्हणजे लस न दिलेलाच कळप समजायचा.

सुरक्षिततेच्या परीक्षेबद्दल एकच सांगतो, कारण म्हैसवाल्यांची मुख्य तक्रार तीच असते: लस टोचली की दूध आटतं. सुरक्षितता तपासतात ती उंदीर, ससे किंवा वासरांत, दुप्पट मात्रा देऊन. ते मरत नाहीत, तापानं कोसळत नाहीत, टोचल्या जागी गळू होत नाही, एवढं पाहतात. वेळेला सात लिटर देणारी म्हैस त्या परीक्षेत नसते. पाश्चुरेला ग्राम-निगेटिव्ह जंतू, त्याच्या भिंतीतलं ताप आणणारं विष, एंडोटॉक्सिन, लसीत उतरतंच. एक-दोन दिवस ताप आणि दूध कमी हे त्याचं बिल. फॉर्मलिन जास्त राहिलं असेल तर सूज आणि दुखणं वाढतं, म्हणून मोकळ्या फॉर्माल्डिहाइडची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम. गवळ्याला आधी सांगितलं की दोन दिवस दूध कमी येईल, तर तो कुरकुरतो पण टोचून घेतो. नंतर सांगितलं तर पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

तुम्ही विचाराल, मग उत्पादकाबाहेर कुणी तपासतं की नाही? पहिली तपासणी उत्पादकाच्याच गुणनियंत्रण विभागाची, पण उत्पादनाच्या हाताखाली नसलेल्या. लस हे औषध आहे, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा तिला लागू आहे, परवाना त्याखालीच मिळतो. बाहेरची तपासणी करणाऱ्यांत इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे आणि उत्तर प्रदेशातल्या बागपतची राष्ट्रीय पशु स्वास्थ्य संस्था आहे. (इज्जतनगरच्या संस्थेचा जन्म पुण्यातला बरं का. १८८९ साली ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ म्हणून इथेच सुरू झाली, १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला गेली.) वेळेचा हिशेबही लक्षात घ्या. उंदरांना महिना, सशांना दीड-दोन महिने, वर नापास झालं तर पुन्हा. मेअखेर लस हवी असेल तर ती हिवाळ्यात तयार व्हायला लागते. एप्रिलमध्ये मागणी नोंदवून ‘लस का आली नाही’ म्हणणाऱ्यांना हे सांगून मी थकलो.

अलीकडे उंदीर-ससे कमी करण्याकडे कल आहे. मृत लसींच्या प्रत्येक बॅचची लक्ष्य जनावरातली सुरक्षितता तपासणी काही अटींवर माफ करणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०१३ साली आली. एप्सिलॉन विषाची परीक्षा उंदराऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या एमडीसीके पेशींवर करता येते. माझे काही सहकारी याला ढिलाई म्हणतात. मला तसं वाटत नाही. दहा गिनीपिगांचं गणित वर दाखवलंच आहे. बियाणं तेच, आवरण तेच, कोरड्या वजनात मोजलेला जंतू दर मात्रेला तेवढाच, घोटण्याचा वेळ तोच, असं प्रत्येक बॅचला सिद्ध करणारी नोंदवही मला शेवटी मारलेल्या उंदरांपेक्षा जास्त सांगते. अट एवढीच की नोंदवही संध्याकाळी बसून एकहाती भरलेली नसावी. एकाच शाईनं, एकाच वळणाच्या अक्षरात महिनाभराची तापमानं दिसली की मी ती वही बाजूला ठेवून फ्रीज उघडायचो.

आता तुमच्या तीन म्हशी. अकरावा-बारावा दिवस. तेलाची लस हळू चढते, पुरेसं संरक्षण यायला दोन-तीन आठवडे धरावे लागतात. घटसर्पाचा जंतू शरीरात शिरल्यापासून काही तासांत ते तीन-पाच दिवसांत जनावर पाडतो. म्हणजे लस पूर्ण निर्दोष असूनही हे घडू शकतं. पाऊस यंदा तुमच्याकडे लवकर लागला का, म्हशी पहिल्यांदाच लस घेत होत्या का, हे आधी विचारा. त्याच बॅचची लस तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावांत गेली आणि तिथे काय झालं, हे त्याहून महत्त्वाचं. तिथे सगळं ठीक असेल तर बॅचवरचा संशय उतरतो आणि तुमच्या फ्रीजवर, पेटीवर, सुईवर येतो. तिथेही जनावरं जात असतील तर उत्पादकाला आणि जिल्ह्याला लेखी कळवा, बॅच क्रमांकासकट.

त्या बॅचच्या न उघडलेल्या निदान पाच-सहा बाटल्या आजच वेगळ्या काढा, चिठ्ठी लावा, दोन ते आठ अंशांवर ठेवा. उघडलेल्या बाटलीवर कोणताही उत्पादक उत्तर देणार नाही आणि त्यात त्याचं चूक नाही. महिना पूर्ण झाला की त्याच गावातल्या लस दिलेल्या दहा-बारा आणि न दिलेल्या तितक्याच जनावरांचं रक्तद्रव घ्या. ते उंदरांना देऊन चॅलेंज करता येतं, किंवा एलायझा (प्रतिद्रव्यं मोजणारी चाचणी) करता येते. लसीनं गावात काही केलं का, हे तिथे कळेल. बॅचच्या अहवालात ते कधीच कळणार नव्हतं. लस न दिलेली जनावरं सापडणार नाहीत म्हणाल, तर कानात बिल्ला नसलेली शोधा. टोचणीच्या दिवशी रानात गेलेली दहा-बारा प्रत्येक गावात असतात.

आणि मुळात तो घटसर्पच होता का? गळा सुजून म्हैस गेली की आपण सगळेच डोळे मिटून नाव देतो. काळपुळीतही (अँथ्रॅक्समध्येही) गळा सुजतो. ती शंका असेल तर शव उघडूच नका, कानाच्या शिरेतल्या रक्ताची काच आधी बघा. मिथिलीन ब्लूनं रंगवल्यावर दोन्ही टोकांना गडद, मध्ये फिकट असे आखूड जंतू दिसले तर पाश्चुरेलाकडे बोट जातं. चौथी म्हैस गेली, ईश्वर करो न जावो, आणि काळपुळी नाही याची खात्री झाली, तर पायाच्या नळीचं हाड मांस काढून, अख्खं, पिशवीत बांधून बर्फात घालून पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवा. बाकी शरीर सडलं तरी मज्जेत हा जंतू तग धरतो. फॉर्मलिनमध्ये मात्र टाकू नका. आमच्याकडे अशी हाडं बरण्यांत तरंगत यायची, सोबत तीन पानी पत्र असायचं, आणि आम्हाला अहवालात एवढंच लिहिता यायचं: जंतू आढळला नाही.